पुन्हा मिळेल ते पुसा

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा बंद केला आणि घरोघरच्या जुन्या कॉम्प्युटरांचं काय करायचं, हा प्रश्न एकदम ऐरणीवर आला. कुणी नवं यंत्र घेतंय, कुणी जुन्यालाच एसएसडी बसवून आणखी दोन वर्षं रेटायच्या विचारात आहे. जळगावच्या गोलाणी मार्केटात जा नाहीतर धुळ्यातल्या एखाद्या दुकानात. कॅबिनेट टेबलावर ठेवलं की तिथला पोरगा आधी विचारतो, ‘भाऊ, डेटा किती आहे?’ डेटा असतो चारशे जीबी आणि खिशाला परवडणारी एसएसडी असते अडीचशेची. म्हणजे बरंच सामान मागे ठेवावं लागणार.

मग रविवारी दुपारी घरात साफसफाई निघते आणि पहिली कुऱ्हाड पडते झिप फायलींवर. फोटो दिसतात, गाणी वाजतात, वर्डची फाईल उघडून वाचता येते. पण चेन लावलेल्या पिवळ्या फोल्डरच्या, किंवा पट्टा आवळलेल्या तीन पुस्तकांच्या चित्राआड काय दडलंय ते बाहेरून कळत नाही. नावंही विचारू नका: ‘न्यू फोल्डर २’, ‘फायनल’, ‘फायनल फायनल’, ‘पप्पा बँक’. जुनं आहे, मोठं आहे, कशाचं आहे ते ठाऊक नाही, तर द्या उडवून, असा हिशोब होतो. काही घरांत नेमकं उलटं असतं. ‘राहू द्या, कधीतरी लागेल’ म्हणत कुणी काहीच पुसत नाही आणि सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की सगळे हवालदिल होतात.

फाईल किती जुनी आणि किती मोठी, यावर निर्णय घेण्यात अर्थ नाही. प्रश्न एकच विचारायचा: आतलं सामान उद्या लागलं, तर ते पुन्हा मिळेल का? मिळणार असेल तर फाईल कालची असली तरी पुसा. मिळणार नसेल तर २००६ची असली तरी हात लावू नका.

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि नात्यातला एक भाऊ यांनी वहीत उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई जळगावात वारल्या, त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२मध्ये कविता पुस्तकरूपाने आल्या. मधल्या काळात ती वही रद्दीत गेली असती, तर कुठल्याही दुकानात ती विकत मिळाली नसती. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरची झिप मात्र बहुतेक वेळा कंपनीच्या साइटवर आजही पडून असते. आपल्या घरात वही कोणती आणि ड्रायव्हर कोणता, एवढं ओळखता आलं की काम झालं. हे ओळखण्यातच खरी मेहनत आहे.

आधी सगळ्या फायली एका नजरेखाली आणा. ‘धिस पीसी’ उघडा, वर उजवीकडच्या शोधायच्या चौकटीत इंग्रजीत तारांकन, टिंब आणि झिप असं लिहा. यादी आली की ‘डिटेल्स’चं दृश्य निवडून ‘साईझ’ या मथळ्यावर क्लिक करा. सगळ्यात अवजड फाईल वर येते. मग हेच रार आणि सेव्हन-झेड या शेपटांसाठी करा. जुनी हार्ड डिस्क असेल तर शोध संपायला वेळ लागतो, घाई करू नका. डी आणि ई ड्राइव्ह सुटता कामा नयेत. आपल्याकडे कॉम्प्युटर जोडून देणारे डिस्कचे तीन भाग करून देत आणि जपून ठेवायचं ते सगळं डीमध्ये टाकायची सवय आपल्याला लागली. यादीतल्या नावावर उजवं क्लिक करून ‘ओपन फाईल लोकेशन’ म्हटलं की ती फाईल कुठल्या फोल्डरात, कुणाच्या शेजारी बसली आहे ते दिसतं. शेजाऱ्यांवरून पुष्कळ कळतं.

आत बघायला सेव्हन-झिप हे फुकट सॉफ्टवेअर बसवून घ्या. इगोर पाव्हलोव्ह या रशियन प्रोग्रॅमरने १९९९मध्ये काढलेलं, आजही विनामूल्य आणि जाहिराती नसलेलं. बऱ्याच घरांत विनरार असतं. ते चाळीस दिवसांच्या चाचणीसाठी असतं, पण आपल्याकडे चाळीस दिवस कधी संपतच नाहीत, हा भाग वेगळा. ते आपोआप अद्ययावत होत नाही, ही मात्र गंभीर गोष्ट. २०२३मध्ये त्यात एक मोठी सुरक्षा-त्रुटी सापडली. मुद्दाम तशी बनवलेली फाईल आत उघडली की कॉम्प्युटरमध्ये घुसखोरी व्हायची. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या ६.२३ आवृत्तीत ती बुजवली. तेव्हा वर्षानुवर्षं बसवलेल्या विनरारने अनोळखी रार उघडू नका. आधी नवी आवृत्ती घ्या किंवा ते काढूनच टाका.

धुळ्याच्या देवपुरातल्या एका ओळखीच्या घरातलं डाउनलोड्स फोल्डर नमुना म्हणून घेऊ. वडील निवृत्त शिक्षक, मुलगी पुण्यात नोकरीला, मुलगा शेती आणि ठिबकच्या सामानाचं दुकान सांभाळतो. कॉम्प्युटर एकच. यादीत वरून खाली अशी नावं: लग्नाचा अल्बम, एक ते सहा भाग, ड्राइव्ह-डाउनलोड, शेवटी ००१ आणि ००२, टॅली बॅकअप, तीन वेगवेगळ्या वर्षांचे, जीएसटीचं ऑफलाइन टूल, तेच चार वेळा, स्कॅनरचा ड्रायव्हर, ‘कानबाई’, ‘आधार’, आणि सगळ्यात तळाशी, एक एमबीसुद्धा नसलेली ‘मराठी फॉन्ट’.

यातलं ऑफलाइन टूल आणि ड्रायव्हर डोळे झाकून जाऊ द्या. नावापुढे कंसात एक, दोन, तीन आलं म्हणजे तीच वस्तू पुन्हा पुन्हा उतरवली आहे. सरकारी पोर्टलवरची टूल्स तर जुनी ठेवणंच चुकीचं, नवी आवृत्ती आली की जुनीतून भरलेलं विवरण पोर्टल घेईलच असं नाही. एमएस-सीआयटीच्या सरावाच्या फायली, स्पर्धा परीक्षांच्या छापील प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, कुणीतरी पाठवलेले वॉलपेपर, हेही याच रांगेत. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचे रार, ज्यांच्या नावातच पासवर्ड लिहिलेला असतो, ते उघडून न बघताच पुसा. अशा फायलीला पासवर्ड लावण्यामागे बहुतेक वेळा एकच हेतू असतो, अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये.

अर्धवट उतरलेल्या फायलीही जातील. झिप अर्धी उतरली तर अजिबात का उघडत नाही, हे सांगतो. पुस्तकाची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर छापावी तशी झिपमधल्या सगळ्या फायलींची यादी अगदी शेवटी लिहिलेली असते. बीएसएनएलची लाइन मध्येच गेली, शेवटचा भाग आला नाही, की विंडोजला यादी सापडत नाही आणि ते फाईल अवैध म्हणून हात झटकतं. आतलं सामान पुन्हा मिळणारं असेल तर तिथेच विषय संपला. पण अशा फाईलमध्ये दुसरीकडे कुठेच नसलेले फोटो असतील तर घाईने पुसू नका. सेव्हन-झिपने उघडून पाहा, विनरारमधली दुरुस्तीची सोय वापरून पाहा. पूर्ण उतरलेले फोटो त्यातून पुष्कळदा सहीसलामत निघतात.

आता ड्राइव्ह-डाउनलोड. गुगल ड्राइव्हवरून आख्खं फोल्डर उतरवलं की त्याची झिप आपोआप बनते आणि मोठं असेल तर तिचे तुकडे पडतात. मूळ फोल्डर ड्राइव्हवर अजून आहे का, आणि ते कुणाच्या खात्यात आहे, या दोन गोष्टी बघा. तुमच्याच खात्यात असेल तर झिप जाऊ द्या. दुसऱ्याने शेअर केलेलं असेल तर मात्र थांबा. लग्नाचे फोटो हल्ली स्टुडिओवाले लिंकने देतात. त्यांनाही फुकटात पंधराच जीबी मिळतात. १ जून २०२१पासून गुगल फोटोजमधले नवे फोटोही त्याच पंधरा जीबीत मोजले जातात. पुढच्या लगीनसराईला जागा करायला त्यांनी मागचं वर्ष पुसलं, की तुमच्या कॉम्प्युटरवरची झिप ही जगातली एकमेव प्रत उरते. शेअर केलेल्या वस्तूला आपली समजू नका.

तुकड्यांच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवा, नाहीतर नुकसान ठरलेलं. गुगलच्या ००१, ००२ या झिपा प्रत्येकी स्वतंत्र असतात, एक गेली तर तिच्यातलंच जातं. पण लग्नाच्या अल्बमचे ते सहा भाग, ज्यांच्या नावात पार्ट एक, पार्ट दोन असं येतं आणि शेपूट रारचं असतं, ते एकाच फायलीचे काप आहेत. ‘पार्ट चार कशाला हवा, तो उघडत तर नाही’ म्हणून तो पुसला, की उरलेल्या पाचांतून अल्बम पुरा कधीच निघणार नाही. अशी रांग दिसली की ठेवायची तर सगळी, पुसायची तर सगळी. ठेवणार असाल तर आजच एकदा पूर्ण उलगडा आणि उलगडलेलं फोल्डर ठेवा.

जुळं हा सगळ्यात सर्रास दिसणारा प्रकार. ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ म्हटलं की विंडोज झिपच्याच नावाचं फोल्डर शेजारी तयार करतं. काम होतं, पण झिप तिथेच राहते. म्हणजे तेच सामान दोनदा. यातलं कुठलं पुसायचं? लोक म्हणतात, झिप लहान असते, ती ठेवा. फोटो-व्हिडिओंच्या बाबतीत हे साफ खोटं आहे. अमेरिकेच्या फिल कॅट्झने १९८९मध्ये आणलेली झिपची पद्धत फायलीत पुन्हा पुन्हा येणारा मजकूर शोधून तो थोडक्यात लिहिते. मजकूर, टॅलीचा डेटा, हिशेबाच्या याद्या यांत पुनरावृत्ती भरपूर, म्हणून त्या खूप आक्रसतात. पण कॅमेऱ्यातला जेपेग फोटो आणि मोबाइलमधला व्हिडिओ आधीच दाबून बसवलेले असतात. त्यांना आणखी दाबायला जागाच नसते. चार जीबी फोटोंची झिप जवळजवळ चार जीबीचीच होते.

म्हणून फोटो असतील तर उघडं फोल्डर ठेवा आणि झिप पुसा. उघड्या फोल्डरातला एखादा फोटो बिघडला तर तेवढाच जातो, शिवाय कुणालाही तो पटकन दिसतो. सेव्हन-झेड आणि रारमध्ये तर अनेक फायली एकत्र सलग दाबलेल्या असू शकतात. मध्ये एका ठिकाणी बिघाड झाला तर त्यापुढचंही जाऊ शकतं. हिशेबाच्या किंवा मजकुराच्या शेकडो बारीक फायली असतील आणि त्या रोज लागत नसतील, तर झिप ठेवून फोल्डर काढलेलं बरं.

पण पुसण्याआधी दोघं खरोखर जुळे आहेत का ते तपासा. फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये एकूण फायली आणि ‘साईझ’ बघा. शेजारची ‘साईझ ऑन डिस्क’ बघू नका, ती वेगळी असते. मग झिप सेव्हन-झिपमध्ये उघडून आतली संख्या आणि मूळ आकार ताडून बघा. फोल्डरात फायली जास्त असतील तर नंतर कुणीतरी भर घातली आहे. कमी असतील तर कुणीतरी काही हलवलंय किंवा उडवलंय. मग झिप हीच मूळ पूर्ण प्रत. संख्या जुळली तरी ‘मॉडिफाइड’ तारखा चाळा. फोल्डरातली वर्डची फाईल झिपच्या तारखेनंतर बदललेली असेल तर तिच्यात पुढचं काम आहे. आणि झिप उघडून आतल्याच फायलीवर दोनदा क्लिक करून लिहीत बसायची सवय घरात कुणाला असेल तर ती मोडा. विंडोज तशी फाईल तात्पुरत्या जागी उघडतं. तिथे केलेला बदल झिपमध्ये गेलाच असेल, याची खात्री धरता येत नाही.

आता तळाशी पडलेली ती एक एमबीसुद्धा नसलेली झिप. यादी आकाराप्रमाणे लावली की ती शेवटी जाते आणि कुणाचं लक्ष जात नाही. गेलंच तर फालतू म्हणून पुसली जाते. माझ्या मते देवपुरातल्या त्या सगळ्या यादीत सगळ्यात विचार करून हात लावावा अशी फाईल तीच.

२००० सालापासून विंडोजमध्ये मंगल फॉन्ट आला, युनिकोड मराठी लिहिता येऊ लागलं. पण आपल्या गावागावांतल्या टायपिंगवाल्यांकडे, शाळा-पतपेढ्यांत, लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे पुढची दहा-पंधरा वर्षं श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, सी-डॅकचं आयएसएम हेच चाललं. या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर फायलीत मराठी म्हणून साठवलेलंच नसतं. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांच्या जागी मराठी वळणं दाखवतो, एवढंच. फॉन्ट गेला की पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि कंसांची खिचडी दिसते. वडिलांनी शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिलेले लेख, भाऊबंदकीतल्या वाटणीपत्राचा मसुदा, आजोबांची वंशावळ, सगळं त्या खिचडीत. फाईल शाबूत असते, तरी कुणाला वाचता येत नाही.

तेव्हा फॉन्टची झिप पुसण्याआधी जुनी कागदपत्रं त्या फॉन्टच्या आधाराने उघडून घ्या. झिप उलगडा, आतल्या फॉन्टवर उजवं क्लिक करून ‘इन्स्टॉल’ करा, मग जुन्या वर्ड फायली उघडून पीडीएफ करून ठेवा. म्हणजे निदान डोळ्यांना दिसेल ते कायम राहील. त्यानंतर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठी फुकट कन्व्हर्टर मिळतात, फक्त कुठल्या फॉन्टमधून बदलायचं ते नेमकं सांगावं लागतं. श्रीलिपीच्या मजकुराला कृतिदेवचा कन्व्हर्टर लावला तर वेगळीच खिचडी होते. बदललेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घाला. रफार, पोटफोड्या ष, ‘ऱ्या’ आणि जोडाक्षरं इथेच घोळ होतो. पेजमेकरमध्ये केलेल्या स्मरणिका आणि अहवालांची अडचण आणखी वेगळी. त्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१मध्ये आली, नव्या यंत्रावर ते चालेलच असं नाही. जुना कॉम्प्युटर अजून सुरू होतोय तोवरच या फायलींच्या पीडीएफ करून घ्या. इतकं झाल्यावरही फॉन्टची झिप ठेवा. जागा किती घेते ती!

यातलीच एक पोटगोष्ट. काही जुन्या झिपा उलगडल्या की आतल्या फायलींची नावं चौकोन आणि चित्रविचित्र खुणांची येतात. झिपच्या नियमावलीत युनिकोड नावांची सोय २००६मध्ये आली, आणि विंडोजची स्वतःची झिप तर त्यानंतरही कित्येक वर्षं देवनागरी नावाच्या फायली घ्यायलाच तयार नसायची. नाव बिघडलं म्हणजे फाईल बिघडली असं नाही. सेव्हन-झिपमध्ये उजवं क्लिक करून ‘टेस्ट आर्काइव्ह’ चालवा. झिपमध्ये प्रत्येक फायलीचा एक ताळा लिहिलेला असतो, तो जुळला तर आतलं सामान धड आहे. मग नावं हाताने दुरुस्त करा.

सरकारी आणि बँकेच्या कागदांचं गणित निराळं, कारण तिथे ‘पुन्हा मिळेल का’ याबरोबरच ‘दुसऱ्याच्या हाती लागलं तर’ हाही प्रश्न येतो. ‘आधार’ नावाची ती झिप बहुधा ऑफलाइन ई-केवायसीची निघेल. यूआयडीएआयच्या साइटवरून ती पाहिजे तेव्हा ताजी काढता येते आणि तिचा शेअर कोड दर वेळी आपणच ठरवतो. जुनी ठेवण्यात काही हशील नाही, पुसा. टीडीएसची २६एएसची झिप जन्मतारखेने उघडते. ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून अशा फायली टाकून देण्याआधी जन्मतारीख घालून बघा. साध्या झिपला पासवर्ड असला तरी आतल्या फायलींची नावं बाहेरून दिसतात, त्यावरूनही अंदाज येतो.

दुकानाच्या टॅली बॅकअपांना मुलाने एकट्याने हात लावू नये. जीएसटी कायद्याच्या कलम ३६प्रमाणे त्या वर्षीचं वार्षिक विवरण भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात, आणि अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहूनही पुढे. प्राप्तिकराच्या मुदती वेगळ्या. सीएला एक फोन करून कुठल्या वर्षांपर्यंतचं ठेवायचं ते लिहून घ्या. एकाच वर्षाचे पाच बॅकअप असतील तर मार्चअखेरनंतरचा, ऑडिट झाल्यावरचा शेवटचा ठेवा. पण पुसण्याआधी तो टॅलीत उघडतो का ते बघा. न उघडणारा बॅकअप ठेवून उघडणारे पुसल्याच्या गोष्टी बाजारपेठेत कमी नाहीत.

सातबाऱ्याबद्दल लोक म्हणतात, तो तर आता महाभूमीवर पंधरा रुपयांत मिळतो, जुनं स्कॅन कशाला? मिळतो तो आजचा उतारा. २०१३मध्ये स्कॅन केलेल्या उताऱ्यावर त्या वेळची नावं, त्या वेळचा बोजा आणि त्या हंगामाची पीकपाहणी असते. वारसाचा किंवा वहिवाटीचा वाद निघाला की नेमकं तेच शोधलं जातं. ठेवा.

रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांसाठी खास सांगायचं म्हणजे वादळात बाग आडवी झाली तेव्हा विम्यासाठी काढलेल्या फोटोंची मूळ झिप असेल तर ती जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला की त्यातली काढल्याची वेळ आणि जागेची नोंद निघून जाते आणि फोटोही दबतो. तोच डॉक्युमेंट म्हणून किंवा झिपमधून पाठवला तर जसाच्या तसा राहतो. एकाच फोटोच्या दोन प्रती असल्या की व्हॉट्सअ‍ॅपवाली पुसा, झिपमधली ठेवा. दाव्याचे पैसे हाती येईपर्यंत तरी नक्कीच.

विद्यापीठात शिकलेल्यांच्या घरीही अशीच गल्लत होते. पीएचडीचा मंजूर प्रबंध बहुधा शोधगंगेवर सापडेल, त्याची पंचवीस प्रकरणवार आवर्तनं ठेवायची गरज नाही. पण त्यासाठी गावोगाव फिरून घेतलेल्या मुलाखती आणि भरून घेतलेल्या प्रश्नावल्या शोधगंगेवर नसतात.

राहता राहिली ‘कानबाई’. देवपुरातल्या त्या घरात श्रावणात कानबाई बसली होती, रोटांचा घाट होता, रात्री आजी आणि तिच्या बरोबरीच्या बायकांनी अहिराणीतली गाणी म्हटली. नातीने ती साध्या मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि झिप करून ठेवली. आवाज खरखरीत, मध्येच भांडी वाजतात, कुणीतरी पोराला रागावतं. आता त्यातल्या निम्म्या बायका नाहीत. अशी वस्तू जपावी, हे धुळ्याला वेगळं सांगायची गरज पडू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी वाड्या-देवळांतले, घराघरांतले जुने कागद आयुष्यभर जमवले. १९२६च्या अखेरीस धुळ्यातच त्यांचं निधन झालं आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ याच शहरात उभं राहिलं. ज्यांच्या माळ्यांवर ते कागद होते त्यांतल्या अनेकांना ते कशाचे आहेत हेही ठाऊक नव्हतं. अशी ध्वनिमुद्रणं झिपमधून बाहेर काढा, फायलींना साल, गाव आणि गाणाऱ्या बाईचं नाव द्या. ते नाव सांगणारं माणूस घरात आहे तोवर द्या.

जे ठेवायचं ठरलं त्याच्या दोन प्रती, दोन वेगवेगळ्या वस्तूंवर हव्यात: एक नव्या कॉम्प्युटरवर आणि एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर. पेन ड्राइव्ह हे कायमचं ठेवण्याचं साधन नाही. आणि बाहेरची डिस्क पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, पत्र्याखाली तर विचारायलाच नको. कपाटात, धुळीपासून दूर राहू द्या. वर्षातून एकदा ती जोडून दोन-चार फायली उघडून बघा.

पुसायचं ठरलं तरी लगेच पुसू नका. डी ड्राइव्हवर ‘पुसायचं’ नावाचं फोल्डर करा, सगळ्या बाद फायली त्यात टाका आणि घरातल्या प्रत्येकाला सांगा. पुण्यातल्या मुलीला यादीचा फोटो पाठवा. तिच्या कॉलेजच्या प्रोजेक्टचं नाव तिलाच ओळखू येईल. महिनाभर कुणी काही मागितलं नाही, की उडवा. पेन ड्राइव्हवरून पुसलेलं सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जातं. फार मोठी फाईल बिनमध्ये मावत नाही, तेव्हा विंडोज ‘कायमची पुसू का’ असं विचारतं. तिथे सवयीने ‘येस’ दाबू नका. शिफ्ट धरून डिलीट तर नकोच. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हला जोडलेले असतील तर इथे पुसलं की क्लाउडवरूनही जातं. तिथल्या बिनमध्ये ते सहसा तीस दिवस राहतं, गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्येही तेवढेच, त्यानंतर नाही.

दुकानात यंत्र टाकताना ‘क्लीन करून देतो’ असं म्हटलं तर स्पष्ट सांगा की डाउनलोड्स आणि डी ड्राइव्हला हात लावायचा नाही. आणि जुनं कॅबिनेट विकणार किंवा कुणाला देणार असाल, तर नुसतं पुसून फॉरमॅट मारल्याने जुन्या हार्ड डिस्कवरचं सगळं जात नाही. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने त्यातलं बरंचसं परत काढता येतं, आणि त्यात तुमचे आधार, पासबुकं, सह्यांचे स्कॅन आले. हार्ड डिस्क काढून घ्या आणि मगच कॅबिनेट द्या. बहुतेक डेस्कटॉपमध्ये ती चार स्क्रूंवर बसवलेली असते. काढलेली डिस्क वर्षभर तशीच ठेवा. एखादी फाईल हलवायची राहून गेली असेल तर ती शोधायची शेवटची जागा तीच.